कानातला इतिहास

शिवकाळावर हिंदीत चित्रपट येणार अशी बातमी आली की मराठी घरांत तीन प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारले जातात. महाराज कोण होतंय? औरंगजेब कोण? आणि संगीत कुणाचं? पहिल्या दोन प्रश्नांवर वाद होतात, जेवणं लांबतात, क्वचित एखादा जावई रुसतो. तिसऱ्यावर मात्र वाद होत नाही. उत्तर ‘अजय-अतुल’ असेल तर मंडळी समाधानाने मान डोलावतात आणि आमटी पुढे सरकते. उत्तर दुसरं काही असेल, तर गाणी यायच्या आधीच निकाल लागलेला असतो : ‘अजय-अतुल हवे होते.’

संभाजीराजांवरच्या ‘छावा’च्या वेळी उत्तर आलं ए. आर. रहमान, आणि माझी पंचाईत झाली. कारण मी जन्माने मराठी आणि पंथाने रहमानी. १९९५ साली ‘रंगीला’ची कॅसेट घरात आली तेव्हा दीक्षा झाली, ती अजून उतरलेली नाही. या पंथाचे काही कडक नियम आहेत. गाणं एकदा ऐकून मत देऊ नये. हेडफोनशिवाय ऐकून तर मत देऊच नये. आणि कुणी ‘काही खास नाही हो’ म्हणालं, तर त्याच्याकडे किंचित दयेने बघून म्हणावं, ‘मुरायला वेळ द्या.’ रहमानचं गाणं लोणच्यासारखं असतं, हा आमचा लाडका सिद्धांत. बरणीत ठेवलेल्या प्रत्येक फोडीचं लोणचंच होतं असं नाही, काहींना बुरशीही येते, ही गोष्ट आम्ही पंथाबाहेर बोलत नाही.

तर २०२५च्या जानेवारी अखेरीस ‘छावा’तलं पहिलं गाणं आलं, ‘जाने तू’. शब्द इर्शाद कामिल यांचे, आवाज अरिजित सिंगचा. पडद्यावर विकी कौशलचे संभाजीराजे आणि रश्मिका मंदानाच्या येसूबाई. मी नियमाप्रमाणे हेडफोन लावून, दिवा मालवून ऐकलं. अरिजितने आपला तो ठेवणीतला, भिजलेला, कानाजवळ येऊन बोलणारा आवाज काढला होता. मागे रहमानी थर एकावर एक चढत होते. गोड होतं. गोड आहे हे कळल्यावर अस्वस्थ वाटायला लागलं, कारण छत्रपतींच्या चित्रपटातलं गाणं ऐकून ‘गोड’ हा शब्द पहिल्यांदा तोंडात यावा, हे माझ्यातल्या मराठी माणसाला काही रुचेना.

दुसऱ्या दिवशी आत्या मेथी निवडायला बसली होती, तिला ऐकवलं. तिच्या फोनचा आवाज बारीक येतो म्हणून तिने फोन सवयीने एका रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा केला. चेन्नईच्या स्टुडिओत रात्री जागवून काम करणाऱ्या रहमानने जपून रचलेले ते थर डब्याच्या तळाला आपटून एकदमच बाहेर आले. आत्याने दोन जुड्या निवडून होईपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “गाणं गोड आहे रे. पण हा मुलगा कुठल्याही सिनेमातला आहे. येसूबाईंचा नवरा नाही हा.”

“म्हणजे कसं असायला हवं होतं?”

“ते मला काय माहीत? पण महाराज असं हळू गातील का?”

“महाराज गात नाहीयेत आत्या. मागून वाजतंय.”

“मग मागून तरी जरा जोरात वाजवायचं.”

तेवढ्यात बारावीतला भाचा फ्रीज उघडायला आला. त्याला गाणं आधीच पाठ होतं. त्याच्या मते ते ‘एक नंबर’ होतं आणि रीलला फार छान बसत होतं. आत्याने त्याच्याकडे, त्याने आत्याकडे आणि दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. पंथाचा अधिकारी माणूस म्हणून मी निवाडा द्यायचा होता. “मुरायला वेळ द्या,” मी म्हणालो. आत्या म्हणाली, “तोवर मेथी धू.”

मेथी धुता धुता विचार मात्र सुरू झाला. आत्याला आणि मलाही जे हवं होतं, ते नेमकं काय होतं? डोळे मिटले की ते लगेच ऐकू येतं. तुतारी फुंकली जाते, संबळ घुमतो, ढोल-ताशांचा कडकडाट होतो, पन्नास गळ्यांचा कोरस उठतो आणि त्यावरून व्हायोलिनचा ताफा आभाळ कापत निघतो. हेच तर ‘आपलं’ संगीत! पण त्या व्हायोलिनचं काय? अजय-अतुलनी २०१६च्या ‘सैराट’साठी थेट लॉस एंजेलिस गाठून तिथल्या वादकांकडून सिंफनी वाजवून घेतली होती, आणि अख्खा महाराष्ट्र त्यावर वरातीत नाचला होता. ती सिंफनी कुणाला परकी वाटली नाही. ‘सैराट’मधल्या परशाने विहिरीत मारलेल्या उडीइतकीच ती करमाळ्याची होती.

अजय-अतुल हवे होते, या वाक्यामागे पुरावा भरपूर आहे, हे कबूलच करायला हवं. ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेच्या शीर्षकगीताने घराघरांत संध्याकाळी अंगावर काटा आणला, तो त्यांचा. ‘तान्हाजी’त त्यांची गाणी होती. आशुतोष गोवारीकर तर रहमानचे जुने गिऱ्हाईक. ‘लगान’, ‘स्वदेस’, ‘जोधा अकबर’, ‘मोहेंजोदारो’ ही सगळी कामं चेन्नईला. पण २०१९ साली सदाशिवरावभाऊंची ‘पानिपत’ची मोहीम निघाली, तेव्हा गोवारीकरांनीही संगीताची जबाबदारी अजय-अतुलवर टाकली. म्हणजे अलिखित वाटणी झालेलीच होती : मोगल असतील तर रहमान, मराठे असतील तर अजय-अतुल. ‘छावा’ने ती वाटणी मोडली. तीही कुणी बाहेरच्याने नाही, तर लक्ष्मण उतेकरांनी. या गृहस्थांनी ‘टपाल’ आणि ‘लालबागची राणी’ मराठीत केले होते, आणि ‘मिमी’साठी २०२१ साली रहमानबरोबर कामही केलं होतं. दिग्दर्शक मराठी, मूळ कादंबरी शिवाजी सावंतांची, तेव्हा ‘त्यांना काय कळतंय आपल्या इतिहासातलं’ हे आमचं नेहमीचं शस्त्र या लढाईत म्यानातच राहिलं.

बरं, खऱ्या इतिहासाला विचारायला जावं, तर तो ऐकू येत नाही. रणात शिंगं, तुताऱ्या आणि नगारे वाजत, गडावर चौघडा झडे, शाहिराच्या हाती डफ असे आणि साथीदाराकडे तुणतुणं, इथवर ठीक. अफझलखानाच्या वधाचा, म्हणजे १६५९ सालच्या प्रसंगाचा, अज्ञानदासाने रचलेला पोवाडा आजही छापील मिळतो. पण शब्द कागदावर उतरले, आवाज उतरला नाही. आवाज पकडून ठेवणारं यंत्र यायला तेव्हा अजून दोनशेहून अधिक वर्षं होती. त्यामुळे संभाजीराजांच्या काळातलं संगीत ‘असंच होतं’ असं छातीठोकपणे सांगणारा माणूस भेटला, तर एक तर तो तेव्हा हजर असला पाहिजे किंवा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहात.

आणि काळाशी इमान राखण्याची आपली रीत तरी कुठे होती? मराठी संगीत रंगभूमीवर द्वारकेचा श्रीकृष्ण ऑर्गनच्या साथीत गात आला. पाय हलवत बसलेला ऑर्गनवाला समोरच दिसे, आणि तरी ‘सौभद्र’च्या रसिकांना यदुकुळात पायपेटी कशी आली हा प्रश्न पडला नाही. पदाला ‘वन्स मोअर’ मिळे, मग यतिवेशातला अर्जुनही तेच पद पुन्हा गाई. पुढे १९५३ साली ‘अनारकली’ आला. सलीमच्या प्रेमासाठी भिंतीत चिणल्या जाणाऱ्या त्या लाहोरच्या मुलीला गाता गळा दिला लताबाईंनी आणि चाली दिल्या सी. रामचंद्रांनी. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी! मोगल दरबाराचं दुःख एका मराठी माणसाने गायला लावलं आणि हिंदुस्थान रडला. कुणी लाहोरहून कळवलं नाही की चितळकर नको होते. मग एका तमिळ माणसाने रायगडाला चाल लावली, तर आपण मेथीची जुडी हातात धरून कपाळाला आठ्या का घालाव्यात?

त्याचं कारण मला वाटतं असं आहे. इतिहास साडेतीनशे वर्षांपूर्वीचा असला, तरी आपल्या कानातला इतिहास आपल्या बालपणाइतकाच जुना असतो. आत्याच्या पिढीचा शिवकाळ १९७४ साली ध्वनिमुद्रित झाला. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने ‘शिवकल्याण राजा’ आलं. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली, लताबाईंचा आवाज, बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. तेव्हा ते नवं होतं. आज ते थेट रायगडाच्या दगडातून झिरपल्यासारखं वाटतं. माझ्यानंतरच्या मंडळींचा शिवकाळ दूरचित्रवाणीवरच्या मालिकेतून कानात शिरला. ज्याच्या कानात जे आधी गेलं, ती त्याची परंपरा. नंतर येणारं सगळं ‘हल्लीचं’.

गंमत पुढेच आहे. ‘शिवकल्याण राजा’तली जी रचना ऐकून मराठी माणसाचा ऊर सर्वांत जास्त भरून येतो, ती मराठी नाहीच. ती कवी भूषणाची आहे, ब्रजभाषेतली. उत्तरेतून आलेल्या कवीने हिंदीच्या मावशीत केलेलं शिवाजी महाराजांचं वर्णन आपण गणेशोत्सवात तोंडपाठ म्हणतो, आणि अर्थ अर्धाच कळला तरी मुठी पूर्ण आवळतो. आणि संभाजीराजे तर स्वतःच कवी. ‘बुधभूषण’ हा त्यांचा संस्कृत ग्रंथ प्रसिद्धच आहे. पण त्यांच्या नावावर ब्रजभाषेतल्याही रचना आहेत, आणि त्यांतल्या दोन रचनांची नावं बघा : ‘नखशिख’ आणि ‘नायिकाभेद’. पहिलीत पायाच्या नखापासून शेंडीपर्यंत सौंदर्यवर्णन, दुसरीत नायिकांचे प्रकार. शृंगाररसातलं हे शास्त्रोक्त काम. म्हणजे ‘महाराजांच्या चित्रपटात हिंदी प्रेमगीत कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर खुद्द महाराजांनीच देऊन ठेवलेलं आहे. मी हे आत्याला मोठ्या विजयाने सांगितलं. ती म्हणाली, “त्यांनी लिहिलं असेल. त्यांना शोभतं. तू त्या अरिजितचं बोल.”

आत्याचं हे वाक्य मी झटकून टाकणार होतो, पण टाकता येईना. कारण रहमाननेच आम्हाला या बाबतीत बिघडवून ठेवलंय. ‘लगान’ घ्या. १८९३ सालचं गाव, पाऊस पडावा म्हणून आभाळाकडे डोळे लावून बसलेली माणसं. त्या गावात काही चेन्नईचा स्टुडिओ नव्हता, तरीही ढग दिसताच ती माणसं गायला लागली तेव्हा कुणी वाद्यांचा पंचनामा केला नाही. त्या गाण्याला तहान होती, धूळ होती, भोळी घाई होती. ते चंपानेरचंच गाणं होतं, भले चंपानेर पडद्यावरचं असो. ‘जाने तू’बद्दल माझी तक्रार ते जुनं वाटत नाही ही नव्हे. त्याच्या मागचे महाल आणि दागिने काढून तिथे मरीन ड्राइव्ह ठेवा, गाणं तसूभर हलत नाही, ही आहे. गाण्यात काळ खोटा चालतो, पत्ता खोटा चालत नाही. आत्याला डब्यातून जे ऐकू आलं, ते मला हेडफोनमधून कळायला आठवडा लागला. ‘हा कुठल्याही सिनेमातला मुलगा आहे’ यापेक्षा नेमकी समीक्षा त्या गाण्याची अजून माझ्या वाचनात नाही.

मग फेब्रुवारीत दुसरं गाणं आलं, ‘आया रे तूफान’, आणि पत्ता सापडला. शब्द इर्शाद कामिल यांचे आणि त्यांच्या जोडीला आपले क्षितिज पटवर्धन, म्हणून हिंदीच्या मधून मराठी ओळी उसळी मारून वर येतात. आवाज खुद्द रहमानचा आणि वैशाली सामंतचा. या आवाजाला महाराष्ट्रात ओळख करून द्यायची गरज नाही. ‘जत्रा’तली कोंबडी पळवून लावणारा हाच आवाज, आणि त्या गाण्याचे संगीतकार कोण? अजय-अतुल! नियतीलाही विनोदबुद्धी असते ती अशी. शिवाय वैशाली रहमानकडे काही नवखी नाही. ‘लगान’मध्ये आशाबाई आणि उदित नारायण ज्या गाण्यात राधा-कृष्णाचं भांडण मिटवतात, त्यात तिचाही आवाज आहे. फक्त तेव्हा आशाबाईंपुढे आपण बाकी कुणाकडे लक्ष दिलं नव्हतं.

‘तूफान’ ऐकताना मी मुद्दाम वाद्यांवरून कान काढून नुसता तो आवाज धरला. रहमान स्वतः गातो तेव्हा तो वर, दूर कुठेतरी बघत गातो. वैशाली समोर बघून गाते. तिच्या आवाजाला जत्रेतल्या मागच्या रांगेपर्यंत पोचायची सवय आहे. अक्षर ती गोंजारत नाही, ठेवून देते. शब्दाच्या शेवटी जो एक झटका येतो, तो कुठल्याही यंत्रातून येत नाही, तो इथल्या हवेतून येतो. मागे तालवाद्यांचा गदारोळ पारंपरिक असो की संगणकातून काढलेला, तिने तोंड उघडलं की गाणं घाटमाथ्यावर येऊन उभं राहतं. आत्याला ऐकवलं. या वेळी फोन डब्यात ठेवायची वेळ आली नाही. “ही आपली वैशाली ना?” तिने विचारलं, आणि त्या ‘आपली’मध्ये रहमानलाही सोयीने आत घेतलं.

गाणी यायच्या आधी एक प्रकरण झालं होतं. चित्रपटाच्या झलकीत महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावरून आक्षेप निघाले आणि उतेकरांनी तो प्रसंग काढून टाकला. त्याच्या बऱ्या-वाईटाची चर्चा तज्ज्ञांनी केली, मी आपला ऐकणारा माणूस. माझ्या मनात आलं ते एवढंच, की वाद सगळा डोळ्यांना काय दिसावं यावर झाला. कानांना काय ऐकू यावं, यावर महाराष्ट्रात चहा थंड होईपर्यंत बोलतात, मोर्चा काढत नाहीत. गाणं आवडलं नाही तर आपण ते पुढे ढकलतो. बिचाऱ्या संगीतकाराला तेवढं एक सुख.

१४ फेब्रुवारीला चित्रपट लागला. त्या दिवशी व्हॅलेंटाइन डे, त्यामुळे चित्रपटगृहाच्या दारात गुलाब घेतलेली जोडपी आणि भगवे फेटे बांधलेली मंडळं एकाच रांगेत उभी होती. दोघांना एकाच तिकिटात खूश करायचं, ही संगीतकारापुढची खरी अडचण मला त्या रांगेत उभं राहिल्यावर दिसली. एक गाणं गुलाबांसाठी, एक फेट्यांसाठी. आत गेल्यावर हा भेद फार वेळ टिकला नाही. शेवटच्या अर्ध्या तासात साखळदंडातल्या राजांपुढे गुलाब आणि फेटे सारखेच गप्प झाले होते. दिवे लागल्यावर कुणीतरी गारद दिली आणि अख्ख्या चित्रपटगृहाने जयजयकार केला. गाणं कुणीच गुणगुणत नव्हतं. तसं ते गुणगुणायची ती वेळही नव्हती.

पाचच दिवसांनी शिवजयंती. आमच्या चौकातल्या मिरवणुकीच्या गाडीवर जुनी गाणी चालू होती, त्यांत ‘तूफान’ही लागलं. पुढे नाचणारी पोरं सात-आठ वर्षांची. कोणतं गाणं १९७४चं, कोणतं मालिकेतलं, कोणतं दोन आठवड्यांपूर्वीचं, हा हिशोब त्यांच्या गावीही नव्हता. त्यांच्या कानात त्या दिवशी सगळं एकाच वेळी, एकाच आवाजात शिरत होतं, आणि तिथेच त्याचा इतिहास होऊन बसणार होता. ही पोरं मोठी होतील, कुणी नवा संगीतकार शिवकाळावर काही करील आणि ती नाक मुरडून म्हणतील, याला काही जुन्याची सर नाही. त्या ‘जुन्या’त रहमान असेल.

राहिलं ‘जाने तू’. पंथाच्या नियमाप्रमाणे त्याला मुरायला वेळ दिला, आणि ते मुरलंही, फक्त भलत्याच बरणीत. ‘छावा’च्या गाण्यांतून मी ते काढलं आणि रात्रीच्या प्रवासात ऐकायच्या गाण्यांत टाकलं. खंडाळ्याचा घाट उतरताना, पुढच्या ट्रकचे लाल दिवे धुक्यात विरघळत असताना अरिजित कानाजवळ येऊन बोलायला लागला की गाणं थेट पोचतं. तिथे ते फार चांगलं आहे. तिथे त्याला कुणी जिरेटोप घालून उभं करत नाही.